बोकड दाखवल्याची तारीख

पोरी, शेळ्या घेतल्यास हे बरं केलंस. उस्मानाबादी जात काटक, जुळी देणारी, आपल्या कोरड्या रानात निभावणारी. खुराक, लसी, जंताचं औषध हे तुला दवाखान्यात कुणीही सांगेल. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली ती निम्मी दवाखान्यात आणि निम्मी आठवडी बाजारात. तिथं जे दिसलं त्यातलं एक तुझ्या कानावर घालून ठेवतो, कारण शेळीपालनाच्या शिबिरात ते कुणी बोलत नाही. गाभण शेळी खाटकाकडे जाता कामा नये, आणि ती जात नाही ना हे बघणं तुझ्याच हातात आहे. दावं सुटल्यावर पुढं कुणाच्या हातात फारसं काही उरत नाही.

कायदा आहे की, म्हणशील. आहे. केंद्राचे 2001 सालचे कत्तलखान्याचे नियम स्पष्ट आहेत. जनावर गाभण असेल, त्याचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं असेल, ते स्वतःच तीन महिन्यांच्या आतलं असेल किंवा पशुवैद्यकानं दाखला दिलेला नसेल, तर ते कापायचं नाही. किती महिन्यांची गाभण, हे नियम विचारतच नाही. जर्मनीनं 2017 साली असाच कायदा केला, तो गाभणपणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शापुरता, आणि त्यातूनही शेळ्या-मेंढ्या वगळल्या. जागतिक पशुआरोग्य संघटना शेवटच्या दहाव्या हिश्शाबद्दल बोलते, म्हणजे शेळीचे शेवटचे पंधरा दिवस. त्यांच्याशी ताडून पाहिलं तर आपला नियम कितीतरी कडक. पाळण्याच्या बाबतीत मात्र आपण फार उदार आहोत.

त्याच नियमांत असंही आहे की एका डॉक्टरनं तासाला बाराच्या वर आणि दिवसाला 96 च्या वर जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे एकाला पाच मिनिटं. पाच मिनिटांत ताप कळतो, जखम दिसते, लंगडणं दिसतं. दोन महिन्यांची गाभण शेळी कळत नाही. म्हशीला मागून हात घालून गाभ तपासता येतो, शेळीत हात जात नाही. सोनोग्राफीत महिन्या-सव्वा महिन्यानंतर दिसतं, पण ते यंत्र बाजाराच्या दारात नसतं. शिवाय या नियमांच्या लेखी कत्तलखाना म्हणजे रोज दहा किंवा त्याहून जास्त जनावरं कापली जातात अशी परवान्याची जागा. रविवारी सकाळी झाडाखाली एक शेळी लटकवणाऱ्याकडे डॉक्टर येणार कुठून?

म्हणून कालनिर्णय. बोकड दाखवला की त्या दिवसाच्या चौकटीत शेळीच्या कानातल्या टॅगचे शेवटचे चार आकडे लिही. एकोणीस ते एकवीस दिवसांनी पुन्हा नजर ठेव. शेपटी हलवत ओरडायला लागली, खाणं सोडलं, दुसऱ्या शेळीवर चढायला लागली, तर उलटली समज आणि तारीख खोड. गप्प राहिली तर ती गाभण धर, आणि पाच महिन्यांत चार-पाच दिवस कमी अशी पुढची तारीख मांड. एवढ्या लिहिण्याला दोन मिनिटं लागत नाहीत, आणि ही माहिती साऱ्या जगात फक्त तुझ्या भिंतीवर असते.

बोकड कळपातच मोकळा सोडलास तर हे सगळं वाया. त्याहून लबाड असतात ती घरचीच बोकडं. चार-पाच महिन्यांचं पिल्लू म्हणून आपण त्याच्याकडं बघतो आणि ते आईला, बहिणीला भरवून मोकळं होतं. मग पाटीच्या पोटात करडू कधी आलं हे कुणालाच ठाऊक नसतं. बोकडं तीन महिन्यांनंतर वेगळी बांध, नाहीतर खच्ची करून घे.

तारीख हुकलीच असेल तर हातानं बघायची रीत सांगतो. सकाळी चारायच्या आधी, पोट रिकामं असताना. शेळी सपाट जागी उभी कर. तिच्या उजव्या बाजूला, कासेच्या पुढं, पोटाखाली तळवा लाव. डावीकडे कोठा असतो, तिथं काही समजत नाही. तळव्यानं पोट हलकेच वर उचल आणि पटकन सैल सोड, पण हात काढू नकोस. साडेतीन महिन्यांच्या पुढची असेल तर आतून काहीतरी टणक परत येऊन तळव्याला ठोकतं. एकदा ते कळलं की बोटं विसरत नाहीत. कास बघून मात्र फसू नकोस. पहिलारू पाटीची कास महिनाभर आधी भरू लागते, पण उन्हाळ्यात उपाशी राहिलेली जुनी शेळी अगदी व्यायला आली तरी कास सुकलेलीच दिसते.

आता पैशाचं. वजनावर विकताना गाभण शेळी जड भरते आणि विकणाऱ्याला मोह होतो. जुळी करडं, वार आणि पाणी मिळून सहा-सात किलोच्या घरात जातं. त्यातलं खाटकाला काहीच विकता येत नाही. उघडून बघितल्यावर तो तुला शिव्या देतो आणि पुढच्या वेळी तुझ्या शेळीला भाव पाडून मागतो. वरून धोका आहे. शेळीला ब्रुसेला असेल तर त्या पाण्यात हात घालणाऱ्याला आठवडेच्या आठवडे चढउताराचा ताप आणि सांधेदुखी लागते. देवाला बोलतात तोही बोकडच, ईदेलाही बहुतेक गिऱ्हाईक बोकडच मागतं. गाभण शेळी कापायची कुणाला हौस नसते. ती कापली जाते ती कुणीतरी तोंड मिटून बसल्यामुळं.

तोंड उघडलंस तर उलट फायदा. गाभण शेळीला पाळणाऱ्याकडून खाटकापेक्षा जास्त पैसे मिळतात. तारखेसकट सांगून वीक, घेणारा खूश होतो. मात्र बाजारातल्या दलालाला "पाळायलाच दे बरं का" सांगून सोडलेली शेळी संध्याकाळी कुठल्या गाडीत चढते हे मी डोळ्यांनी बघितलंय. गावातली किंवा पाहुण्यांतली दावण शोध, भले हजार कमी येऊ देत. वाटेतही जपायचं असतं. व्यायला टेकलेलं किंवा व्यायल्याला 72 तास न झालेलं जनावर पायी हाकत लांब न्यायचं नाही, असा वेगळा नियमच आहे.

कुणी तुला इंजेक्शनचा सल्ला देईल. एक सुई टोचली की शेळी दोन-तीन दिवसांत गाभडते आणि विकायला मोकळी होते. औषध खरंच तसं काम करतं, शेळीत तर कुठल्याही महिन्यात. पण उशिरा गाभडलेल्या शेळीची वार अडकते, गर्भाशय सडतं, आणि तू काय साधलंस? जो जीव कापू द्यायचा नव्हता तो गोठ्यात मारलास, एवढंच. आजारपणात डॉक्टर ते देतात, तो त्यांचा निर्णय. भावासाठी सुई नको.

खरी कसोटी दुष्काळात लागते. चैत्रात चारा संपतो, जूनमध्ये पोरांच्या शाळेचे पैसे भरायचे असतात, आणि दारात रोख घेऊन उभा राहतो तो नेमका व्यापारी. अशा वेळी गाभण विकणाऱ्या बाईला मी कधी नावं ठेवली नाहीत. पण क्रम आधी ठरवून ठेवता येतो. पहिल्यांदा बोकडं, मग दोनदा-तीनदा उलटलेल्या भाकड, मग दात पडलेल्या. हा क्रम माघातच लाव, चारा संपल्यावर डोकं चालत नाही. पिल्लं तीन महिन्यांच्या आतली असतील तर ती आईही यादीत नाही.

म्हैस घेतलीस तर तिचा कायदा अजून निराळा. गोवंशाची कत्तल महाराष्ट्रात मार्च 2015 पासून पूर्ण बंद आहे. म्हशीला 1976 च्या कायद्याप्रमाणे दाखला लागतो, आणि दूध देण्याजोग्या किंवा विण्याजोग्या म्हशीला तो देताच येत नाही.

गाभण शेळीचा पाय मोडला, करडू आडवं अडकलं, तर टेम्पो बोलावू नकोस, डॉक्टर बोलाव. सिझेरियन होतं. काहीच जमण्यासारखं नसेल तर तिला जागेवरच वेदनेतून सोडवणं हे डॉक्टरचं काम. त्या अवस्थेत बाजारापर्यंत धक्के खायला लावणं मला कधी पटलं नाही, चार पैसे येत असले तरी.

आणि आखाड तोंडावर आलाय, व्यापारी फिरायला लागतील. त्या दोन म्हाताऱ्या काढायच्या म्हणालीस ना, त्या आजच बोकडापासून लांब बांध आणि तीन आठवडे बघ. माजावर आली ती खुशाल दे. न आलेली कदाचित नुसती अशक्त असेल, पण बोकड तिच्याजवळ होता एवढं पुरे, या आखाडात ती राहू दे. दिवाळीच्या आसपास कळेलच.