उताराला रेस

आमच्या पार्किंगमध्ये दोन जुन्या गाड्या शेजारी उभ्या असतात. बाबांची १९८९ची चेतक आणि मी सेकंडहँड घेतलेली २००४ची मारुती ८००. येणारा-जाणारा हमखास विचारतो, यातली चांगली कुठली? मीही कधीकाळी कागदावर तुलना मांडली होती: १४५ सीसी की ७९६, एक सिलिंडर की तीन, हातातले गियर की पायापाशी उभा दांडा. त्या कागदात कामाची गोष्ट नव्हती. ती वरंध घाटात कळली.

भोरहून महाडला चेतकवर निघालो होतो. वाघजाईपाशी भजी खाल्ली. उतार लागल्यावर कारमध्ये करतो तेच केलं. दुसरा गियर टाकला, रेस पूर्ण सोडली आणि इंजिनच्या जोरावर गाडी आवरत निघालो. मारुतीला हे मानवतं. तिचं ऑइल खाली चेंबरमध्ये असतं आणि इंजिन फिरतंय तोवर पंप ते वर पोचवतो. चेतक पडली टू-स्ट्रोक. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच, लिटरला २० मिली. रेस सोडली की पेट्रोल जेमतेम, म्हणजे ऑइलही जेमतेम, आणि इंजिन मात्र उताराच्या जोराने गरगरतंय. चार-पाच वळणांनंतर बारीक कर्कश आवाज आला आणि मागचं चाक जाम झालं. बोटं क्लचवर होती म्हणून चाक सुटलं. डावीकडे दरी होती, एवढंच सांगतो.

महाडला टेम्पोतून आणल्यावर मेकॅनिकने पिस्टन काढून दाखवला. उभे ओरखडे. बोअर करावं लागलं, पिस्टन नवा.

बाबा म्हणाले, ‘‘अरे, उतारावर मधूनमधून क्लच दाबून रेस द्यायची, एवढंही ठाऊक नव्हतं?’’ नव्हतं. पण मारुतीत त्यांनीही स्कूटरच्या सवयीने, पेट्रोल वाचवायला, उतारावर इंजिन बंद केलं होतं. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनवर चालतो. दोनदा ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखं झालं, गाडी हँडब्रेकने थांबली. आईला हे अजून माहीत नाही.

तेव्हा जुनी गाडी घेताना तिच्या मालकाला घाट कसा उतरता, ते आधी विचारा. चेतक बघायला गेलात तर इंजिनला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच कुणीतरी किक मारून ठेवली आहे, थंड झाल्यावर पुन्हा जा. मारुतीत पायाखालचे मॅट उचलून पत्रा बघा, कोकणातली असेल तर नक्कीच. आरसीवरची तारीखही वाचा, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं.

धाकटा भाऊ आता चेतक शिकतोय. तो आधी कार शिकला, म्हणून हँडलवर एक पट्टी चिकटवली आहे: ‘उताराला रेस’. अक्षर बाबांचं आहे.