फाईलींची देवाणघेवाण आणि घरचा संगणक

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या गावी, दापोऱ्याला गेलो होतो. दापोरा मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे आणि आमचा जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या घरीही केळी आहे. तिचा सहा वर्षांचा हिशेब, म्हणजे रोपे, खते, मजुरी आणि व्यापाऱ्यांकडील येणे, वडिलांनी घरच्या संगणकात नोंदवून ठेवला होता. मी पोहोचलो त्याच्या आदल्या रात्री धाकट्या भावाने टॉरेंटवरून एक नवा चित्रपट उतरवून घेतला होता. चित्रपट काही लागला नाही. मात्र सकाळी हिशेबाची एकही फाईल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणी मागणारी एक चिठ्ठी तेवढी होती. वडिलांनी विचारले, "रोपं आणताना आपण रोपवाटिका पाहतो. हे कुठून आणलंस रे?" भावाजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याजवळही नव्हते, कारण तो प्रोग्राम त्या संगणकात मीच बसवून दिला होता. त्यानंतर जे वाचले आणि शिकलो, ते विद्यार्थी मित्रांपुढे मांडत आहे.

ही देवाणघेवाण चालते कशी?

एरवी आपण एखादी फाईल एका मोठ्या संगणकावरून घेतो आणि तो कोणाचा हे आपल्याला ठाऊक असते. या पद्धतीत मात्र घरोघरचे संगणकच एकमेकांना फाईली देतात. 1999 साली निघालेल्या नॅपस्टरने ही कल्पना लोकप्रिय केली. न्यायालयाच्या आदेशानंतर 2001 मध्ये नॅपस्टर बंद पडले. पण काझा, लाईमवायर असे प्रोग्राम पुढे आले. 2001 मध्येच ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरंट तयार केले. त्यात फाईलीचे लहान लहान तुकडे होतात. ते अनेक घरांतून आपल्याकडे येतात आणि त्याच वेळी आपल्याकडील तुकडे इतरांकडे जातात.

प्रत्येक तुकडा आला की त्याचा गणिती ठसा पडताळला जातो. त्यामुळे बिटटोरंटवरील फाईलीत भेसळ होऊच शकत नाही, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. पण येथेच चूक होते. ठसा जुळला याचा अर्थ इतकाच, की मूळ माणसाने जे ठेवले तेच आपल्यापर्यंत पोहोचले. त्याने काय ठेवले, हे ठसा सांगत नाही. गोणीचे वजन बरोबर भरले म्हणून आतले बियाणे खरे ठरत नाही.

विषाणूची सोंगे

गाण्याची किंवा चित्रपटाची फाईल सहसा स्वतः काही करीत नाही. करतो तो प्रोग्राम. म्हणून विषाणू गाण्याचे सोंग घेतो. फाईलीच्या नावाच्या शेवटी तिची जात सांगणारी अक्षरे असतात. विंडोज ती सहसा लपवून ठेवते. त्यामुळे 'चित्रपट डॉट एमपीफोर डॉट ईएक्सई' हे नाव आपल्याला 'चित्रपट डॉट एमपीफोर' एवढेच दिसते. आमच्या घरी नेमके हेच झाले. 2000 साली जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' विषाणूनेही हीच युक्ती केली होती. 2002 मध्ये बेंजामिन नावाचा विषाणू आकर्षक नावांनी स्वतःच्या प्रती करून काझावरून पसरला.

आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. संपूर्ण चित्रपट अवघ्या चार-पाच एमबीचा असणे. 'हा पाहण्यासाठी अमुक प्लेयर बसवा' अशी सूचना येणे. गठ्ठ्याला पासवर्ड लावून तो शेजारच्या चिठ्ठीत दिलेला असणे. पासवर्डमुळे विषाणूरोधकाला आत डोकावता येत नाही. 'आधी विषाणूरोधक बंद करा' असे जो प्रोग्राम सांगतो, तो तर चोराने कुत्रा बांधून ठेवायला सांगावे तसाच होय.

उपाय

पहिला उपाय म्हणजे फाईलींची पूर्ण नावे दिसतील अशी व्यवस्था करणे. विंडोजच्या 'व्ह्यू' या यादीत ती सोय आहे.

दुसरा, देवाणघेवाणीचा प्रोग्राम त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. एवढ्याने निर्धास्त मात्र होऊ नये. मार्च 2016 मध्ये ट्रान्समिशन या प्रसिद्ध प्रोग्रामच्या अधिकृत संकेतस्थळावरच केरेंजर हा खंडणीखोर विषाणू घुसवण्यात आला होता. तो तीन दिवस गप्प राही आणि मग फाईलींना कुलूप लावी.

तिसरा, घरात प्रत्येकाचे खाते वेगळे असावे आणि रोजचे खाते साधे, व्यवस्थापकाचे अधिकार नसलेले असावे. आमचे सगळे एकाच खात्यावर चाले; म्हणून भावाची चूक वडिलांच्या वहीपर्यंत पोहोचली.

चौथा, इतरांना खुला करायचा फोल्डर एकच आणि वेगळा ठेवावा. नाहीतर विषाणूवाचूनही घरची कागदपत्रे बाहेर जातात.

पाचवा, विंडोज आणि विषाणूरोधक अद्ययावत ठेवावेत. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांनी आपले बंधू संजय यांच्यासह क्विक हील उभे केले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. भारत सरकारच्या 2017 साली सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही विषाणू काढण्याची साधने विनामूल्य मिळतात.

सहावा उपाय सर्वांत महत्त्वाचा. हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेल्या डिस्कलाही विषाणू कुलूप लावतो.

इतके करूनही घात झालाच, तर प्रथम इंटरनेट तोडावे, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत आणि 1930 या क्रमांकावर किंवा पोलिसांकडे तक्रार करावी. खंडणी देऊ नये. दिली तरी फाईली परत मिळतील याची खात्री नसते. 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात काही विषाणूंच्या किल्ल्या फुकट मिळतात. आमच्या विषाणूची किल्ली तेथे नव्हती.

ही पद्धत मुळात वाईट नाही. उबुंटू, डेबियन यांसारख्या मुक्त प्रणाली बिटटोरंटवरूनही अधिकृतपणे वाटल्या जातात. चोरून वाटलेल्या चित्रपटाची गोष्ट मात्र निराळी. तो 1957 च्या कॉपीराईट कायद्याचा भंग तर आहेच. शिवाय तो कोणी ठेवला हे विचारायला तेथे कोणी नसते.

आमच्या भागातील केळीवर सीएमव्ही नावाचा रोग येतो. रोगट रोपही लावताना निरोगीच दिसते. आणि रोग दिसल्यावर औषध नसते, झाड उपटूनच टाकावे लागते. संगणकाचेही तसेच आहे. एका जुन्या पेनड्राईव्हवरून आमचा चार वर्षांचा हिशेब परत मिळाला. उरलेल्या दोन वर्षांचे येणे आता केवळ व्यापाऱ्यांच्या सचोटीवर अवलंबून आहे. वडील मला काही बोलले नाहीत. त्यांनी बाजारातून एक जाड वही आणली आणि लिहायला बसले. वाचकांनी आजच घरच्या संगणकाची एक प्रत काढून ठेवावी, इतकीच विनंती.