शांतीची खूण आणि शेजारचे दार



दर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण एकमेकांना शांतीची खूण करतो. पुढच्या-मागच्या बाकांकडे वळून हात जोडतो. पण बांधाच्या वादावरून किंवा घराच्या वाटणीवरून ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, तो भाऊ पलीकडच्या रांगेत असेल, तर आपली नजर तिकडे वळते का? आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. वेदीवरून प्रीतीचा उपदेश करतो आणि कुणाचा तरी कडू शब्द मनात धरून त्याच्या दारावरून तसेच पुढे जातो. म्हणून ख्रिस्ती प्रीती म्हणजे नेमके काय, याचा आज आपण थोडा अभ्यास करू या.

१. श्रद्धेची कसोटी

देवावर प्रेम असल्याचा आपला दावा खरा की खोटा, हे भावाशी असलेल्या वागणुकीवरून ठरते, असे संत योहान आपल्या पहिल्या पत्रात (४:२०) बजावतो. उघड्या-उपाशी माणसाची नुसत्या गोड शब्दांनी बोळवण करणारी श्रद्धा संत याकोबाच्या मते निर्जीव आहे (२:१४-१७). याचा अर्थ प्रार्थना आणि मिस्सा गौण आहेत असा नव्हे. ती मुळे आहेत. पण झाड जिवंत आहे की नाही, हे फळांवरून कळते.

२. भावना नव्हे, संकल्प

“फादर, मनातच येत नाही, तर प्रेम कसे करू?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगितले, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. भावना आपल्या हुकमात नसते, इच्छा मात्र असते. म्हणूनच प्रभू आपल्याला वैऱ्यावरही प्रीती करण्याची आज्ञा देतो. तो आपल्याला आवडलाच पाहिजे, असे प्रभू म्हणत नाही. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०:२५-३७) कळवळा लगेच कृतीत उतरतो. तो जखमा बांधतो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो.

३. एका विद्यार्थ्याचे उत्तर

फ्रेडरिक ओझानाम हा तरुण पॅरिसमध्ये कायद्याचे शिक्षण घेत होता. १८३२ साली त्या शहरात कॉलऱ्याने थैमान घातले होते. विद्यार्थ्यांच्या वादसभांमध्ये तो ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीने मांडत असे. ‘तुमच्या ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले, पण आज तुम्ही काय करता?’ अशा अर्थाचा सवाल त्याला विरोधकांनी केला. तो त्याच्या जिव्हारी लागला. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, तो काही सोबत्यांसह एकत्र आला आणि संत विन्सेंट दी पॉल सोसायटीचा आरंभ झाला. सिस्टर रोझली रांदू यांच्या मार्गदर्शनाखाली ही मुले गरिबांच्या घरी जाऊ लागली. मदत घ्यायला गरिबांनी आपल्याकडे यावे, अशी वाट त्यांनी पाहिली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले.

४. जवळचाच अवघड

अनोळखी गरिबाला मदत करणे त्या मानाने सोपे असते, कारण त्याने आपले काही घेतलेले नसते. जवळच्या माणसाशी मात्र जुना हिशेब असतो. म्हणूनच प्रभू सांगतो, की अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा (मत्तय ५:२३-२४). न्याय्य हक्क सोडून द्यावा, असा याचा अर्थ नाही. जमिनीचा दावा चालू असला, तरी वहिनी आजारी पडल्यावर विचारपूस करता येते आणि पुतण्याच्या लग्नाला जाता येते. दार पहिल्यांदा उघडले नाही, तरी आपले पाऊल वाया जात नाही.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी:

१. आपल्या आळीत कोणाच्या घरी बरेच दिवस कोणी गेलेले नाही?
२. समेटाचे पहिले पाऊल टाकण्यापासून मला काय अडवते: राग, भीती की ‘लोक काय म्हणतील’?

पुढच्या रविवारी शांतीची खूण करण्यापूर्वी आपण प्रत्येकाने एका तरी दारापर्यंत जाऊन यावे. आम्हीही आमच्या वाट्याचे एक दार ठरवले आहे. आमच्यासाठी प्रार्थना करा.