विकिपीडियाचे अनामिक राखणदार

विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी आवृत्तीचा प्रारंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाला. या कोशात कोणीही लिहू शकतो. साहजिकच कोणीही खोडसाळपणाही करू शकतो. त्यावर लक्ष ठेवणारी मंडळी पगारी नोकर नसून स्वयंसेवक आहेत. त्यांपैकी काहींना सहकारी चर्चेअंती ‘प्रचालक’ म्हणून निवडतात. पान वगळणे, ते सुरक्षित करणे, उपद्रवी सदस्यास संपादनाची मनाई करणे ही साधने मग त्यांच्या हाती येतात.

यांतील अनेकजण टोपणनावाने काम करतात. त्याची गरज २०१३ साली फ्रान्समधील एका घटनेने दाखवून दिली. पिएर-सूर-ओत येथील लष्करी रेडिओ केंद्रावरील लेख काढून टाकावा, अशी मागणी तेथील अंतर्गत गुप्तवार्ता विभागाने विकिमीडिया फाउंडेशनकडे केली. कोणता मजकूर गोपनीय आहे याचा खुलासा न झाल्याने फाउंडेशनने नकार दिला. तेव्हा ४ एप्रिल रोजी विभागाने एका फ्रेंच प्रचालकास कचेरीत बोलावून घेतले. विकिमीडिया फ्रान्स या संस्थेने जाहीर केल्याप्रमाणे, कोठडीची व खटल्याची भीती घालून त्याच्या हातून लेख वगळून घेण्यात आला. वस्तुतः त्याने हा लेख लिहिलेलाही नव्हता. मात्र संस्थेचा अध्यक्ष या नात्याने त्याचे खरे नाव सर्वांस ठाऊक होते आणि वगळण्याचे साधन त्याच्या हाती होते, एवढे पुरले. स्वित्झर्लंडमधील एका सदस्याने लेख पूर्ववत केला आणि काही काळ तो फ्रेंच आवृत्तीतील सर्वाधिक वाचला जाणारा लेख ठरला! दडपू पाहिलेल्या मजकुराची अशी जाहिरात दुसऱ्या कोणी क्वचितच केली असेल.

निनावी अर्ज म्हटला की आपल्या कचेऱ्यांतून कपाळास आठी पडते, आणि ती अकारण नसते. परंतु निनावी आणि टोपणनावी यांत भेद आहे. केशवसुत, कुसुमाग्रज या नावांवर वाढलेल्या मराठी वाचकास तो वेगळा सांगावयास नको. टोपणनाव कायम राहते आणि प्रत्येक कृती त्याच्या खाती जमा होते. प्रचालकाने कोणते पान केव्हा वगळले, कोणास किती दिवस मनाई केली, याची नोंद सर्वांना पाहता येते. जाब विचारला जातो आणि प्रसंगी अधिकारही काढून घेतले जातात.

याहून नाजूक साधन म्हणजे सदस्याचा आयपी पत्ता तपासण्याचा अधिकार. एकच व्यक्ती अनेक नावांनी वावरत असल्याचा संशय आल्यास तो वापरला जातो. तो मोजक्याच स्वयंसेवकांना, गोपनीयतेचा करार करून दिला जातो. एखाद्या आवृत्तीत असा तपासनीस नेमावयाचा झाल्यास किमान दोघे असावे लागतात. हेतू हा, की एकाने दुसऱ्याचे काम पाहावे. प्रत्येक तपासणीची नोंद राहते, तर तपासणीसाठीची माहिती सुमारे ९० दिवसांनी नष्ट होते.

भारतातही हा प्रश्न न्यायालयात गेला आहे. २०२४ साली एका वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा दाखल केला, तेव्हा संपादन करणाऱ्या तीन सदस्यांची ओळख उघड करण्याचा आदेश झाला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये उभयपक्षी संमतीने मार्ग निघाला. फाउंडेशनने त्या सदस्यांना समन्स पोहोचवावे, त्यांची ओळख मात्र वादीस कळू नये, असे ठरले.