मोळीचे ओझे आणि कमरेचा हिशेब

उसाला पाणी किती, खत किती याचा हिशेब आपण नेहमीच करतो. कमरेचा हिशेब मात्र कमर धरल्यावरच सुरू होतो. म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतो.

पहारीने धोंडा उचटताना लांब टोक आपल्या हातात असते, म्हणून थोड्या जोरात काम भागते. कमरेत नेमके उलटे आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर ओढतात आणि ओझे असते लांब टोकाला. वाकून २० किलोची मोळी ५० सेंटिमीटर पुढे धरली, तर तेवढ्यासाठीच स्नायूंना सुमारे २०० किलोचा जोर लावावा लागतो. धडाचे वजन वेगळेच! तीच मोळी अंगाजवळ २५ सेंटिमीटरवर घेतली की जोर निम्म्यावर येतो. यात ताकदीची बढाई कामाची नाही, अंतर कामाचे.

अमेरिकेतील निऑश या संस्थेने १९९१ साली उचलण्याचे जे सूत्र सुधारून दिले, त्यात सगळी सोय अनुकूल असतानाही २३ किलोच धरले आहेत. आपली युरियाची गोणी ४५ किलोची. ती एकट्याने, कंबर पिळून पाठीवर टाकणारे गडी गावोगाव आहेत. दोघांनी धरली तर काही कमीपणा नाही.

आता तोडणीचे. उसाच्या बुडख्यात साखर जास्त, म्हणून जमिनीलगत तोडा असा आग्रह कारखानाच धरतो. म्हणजे वाकणे आले. वाकून राहिले की स्नायू आवळलेले राहतात, त्यांच्यातले रक्त नीट खेळत नाही आणि ते लवकर थकतात. पूर्ण ताकदीच्या निम्मा जोर एकसारखा धरून ठेवायचा, तर स्नायू मिनिटभरच टिकतो. तेव्हा तोडणारा मधेच उभा राहून कंबर सरळ करतो तो आळस नव्हे. त्याला हाक मारून घाई करू नये.

मजुरी टनावर, त्यामुळे टोळी मोळी मोठी बांधणार हे उघड आहे. पण कोयत्यातली बाई तीच मोळी चुंबळीवर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. बायकांच्या हात-खांद्यांची ताकद सरासरीने पुरुषाच्या निम्म्याहून थोडी जास्त असते. मोळी लहान बांधायला मुकादमाला आपणही सांगावे. ट्रॉली फडाजवळ येईल अशी वाट करणे, सरीतले धोंडे काढणे आणि फळीला आडव्या पट्ट्या ठोकून देणे ही कामे मात्र सभासदाची, टोळी येण्याआधीची.