ऑनलाइन सहकार्य सॉफ्टवेअर : छोट्या व्यवसायाने नेमकं काय पाहावं?

आजच्या लेखात आपण ऑनलाइन सहकार्य सॉफ्टवेअर म्हणजे काय आणि त्याची कोणती वैशिष्ट्ये खरोखर उपयोगी पडतात, ते पाहणार आहोत. विषय पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचा वाटेल, पण तसं नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. इथल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, जिनिंग, कृषी केंद्रे, बचत गट यांची माणसंही गावोगाव विखुरलेली असतात.

शेतकरी उत्पादक कंपनीचंच घ्या. २००२ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने शेतकऱ्यांना अशी कंपनी काढता येऊ लागली. किमान १० शेतकरी एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात आणि तिच्यावर ५ ते १५ संचालक असतात. म्हणजे निर्णय घेणारेच इतके जण, आणि बहुतेक वेळा वेगवेगळ्या गावचे!

एक उदाहरण

समजा, राळेगाव तालुक्यात अशी एक कंपनी आहे. तूर खरेदी जोरात सुरू आहे. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतो. सकाळी अध्यक्षांनी लिहिलं, "आज खरेदी केंद्रावर बारदाना पोचवा." दोघांनी अंगठा दाखवला. मग कोणाचा तरी वाढदिवस निघाला, शुभेच्छा सुरू झाल्या आणि तो निरोप वर गेला. संध्याकाळी बघतात तर बारदाना पोचलाच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा नेईल. यालाच आपण बारभाईचा कारभार म्हणतो.

त्याच आठवड्यात पैसे वाटपाच्या यादीच्या तीन फाइली ग्रुपवर फिरत होत्या : 'यादी', 'यादी नवीन' आणि 'यादी फायनल'. हिशोबनिसाने जुन्या यादीवरून पैसे पाठवले. नव्या यादीत नाव असलेला एक शेतकरी राहून गेला. त्याने तूर घालून आठ दिवस झाले होते आणि कर्जाचा हप्ता तोंडावर होता. पुढच्या हंगामात तो आपली तूर याच कंपनीला देईल का?

व्हॉट्सअ‍ॅप वाईट आहे असं नाही. निरोप पोचवायला ते उत्तमच. पण निरोप वाचला म्हणजे काम झालं असं होत नाही. कोणतं काम, कोणाकडे, कधीपर्यंत, याची नोंद ठेवणारी जागा वेगळी लागते. सहकार्य सॉफ्टवेअर म्हणजे ती जागा.

महत्त्वाची वैशिष्ट्ये

१) विषयवार चर्चा : स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, झोहो क्लिक यांत 'चॅनेल' असतात. खरेदीचं बोलणं एकीकडे, वाहतुकीचं दुसरीकडे. गंमत म्हणजे स्लॅक हे एका गेम बनवणाऱ्या कंपनीने आपल्याच माणसांसाठी तयार केलेलं साधन होतं. गेम बंद पडला, साधन मात्र २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं.

२) कामाचं वाटप : ट्रेलोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक फळा असतो. त्यावर 'करायचं आहे', 'सुरू आहे', 'झालं' असे रकाने करता येतात. प्रत्येक कामाचं एक कार्ड, त्यावर एका माणसाचं नाव आणि तारीख. बारदान्याच्या कार्डावर नाव असतं, तर दुपारीच कोणीतरी त्याला फोन केला असता.

३) एकच फाइल : गूगल शीट्समध्ये यादी एकाच ठिकाणी राहते आणि अनेक जण तीत एकाच वेळी लिहू शकतात. बदलांचा इतिहास पाहता येतो. चूक झाली तर आधीची प्रत परत आणता येते. फाइलींच्या बाबतीत 'एक ना धड, भाराभर चिंध्या' होत नाहीत.

४) अधिकार : कोणी फक्त पाहायचं, कोणी शेरा लिहायचा, कोणी बदल करायचा, हे ठरवता येतं. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असलेली यादी 'लिंक असलेला कोणीही पाहू शकेल' अशी कधीच ठेवू नये.

५) जुन्या नोंदींचा शोध : मागच्या हंगामात भाडं काय ठरलं होतं, हे शोधता आलं पाहिजे. इथे फुकट योजनेची अट नीट वाचा. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचे संदेश दिसत नाहीत. हंगाम तर वर्षाने येतो!

६) मोबाइल आणि ऑफलाइन : आपल्याकडे लाइट आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही. गूगल शीट्समध्ये ऑफलाइन सुविधा आधीच चालू करून ठेवता येते. नेट आल्यावर बदल आपोआप जुळतात. मराठीत लिहिता येतं का, तेही करून पाहा.

सुरुवात कशी करावी?

सगळं एकदम आणू नका. आधी एकच काम घ्या, जसं पैसे वाटपाची यादी. ती महिनाभर नीट चालली की कामाचा फळा सुरू करा. खातं कंपनीच्या नावाने उघडा, हिशोबनिसाच्या वैयक्तिक ईमेलवर नको. तो नोकरी सोडून गेला तर सगळ्या नोंदी त्याच्याकडेच राहतील. पासवर्डसोबत द्विस्तरीय पडताळणीही चालू करा. आणि एक नियम सगळ्यांनी पाळा : काम सांगायचं ते फळ्यावरच. अध्यक्षांनीच फोनवरून परस्पर कामं सांगितली, तर महागातलं सॉफ्टवेअरही उपयोगाचं नाही.

निष्कर्ष

महागडं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे कारभार सुधारतो असं नाही. प्रत्येक कामाला एक नाव, प्रत्येक यादीची एक प्रत आणि प्रत्येक बदलाची नोंद, या तीन गोष्टी ज्यात सहज होतात ते सॉफ्टवेअर आपल्यासाठी चांगलं. असं असतं तर उदाहरणातल्या त्या शेतकऱ्याचे पैसे वेळेवर पोचले असते.

स्वाध्याय

१) तुमच्या गटाच्या किंवा दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या आठवड्यात कोणती कामं सांगितली गेली? त्यातली किती नाव घेऊन सांगितली होती?
२) तुमच्या हिशोबाच्या यादीच्या किती प्रती, कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहेत?
३) ती यादी कोणी पाहावी आणि कोणी बदलावी, हे ठरवून लिहा.

उत्तरं लिहून पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.