संगणकावरील टपाल अडल्यास

मंठा वा घनसावंगीच्या शाळेतून धाडलेली शिष्यवृत्तीची यादी मुदतीत पोहोचली नाही, तर त्याची झळ विद्यार्थ्यांस लागते. म्हणून ई-मेल अडल्यास शिक्षकांनी दोषाचे मूळ क्रमाने शोधावे.

पत्र जाण्याचा मार्ग ‘एसएमटीपी’ व येण्याचा ‘आयमॅप’ हा होय. मार्ग भिन्न असल्याने एक बंद पडूनही दुसरा चालू राहू शकतो.

१. दोन्ही बंद असल्यास इंटरनेटची जोडणी, पासवर्ड व संगणकावरील दिनांक तपासावा. दिनांक चुकल्यास सुरक्षा-प्रमाणपत्र अग्राह्य ठरते.

२. केवळ जाणे अडल्यास जोडलेल्या फाइलींचा आकार पाहावा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे.

३. केवळ येणे अडल्यास साठ्याची जागा पाहावी. जीमेलची जागा ड्राइव्ह व फोटो यांच्याशी सामाईक असल्यामुळे ती छायाचित्रांनीही भरते.

४. पत्र परत आल्यास सूचनेतील तीन अंकी आकडा वाचावा. तो ४ ने सुरू होत असल्यास अडचण तात्पुरती असते. ५ ने होत असल्यास तेच पत्र पुनःपुन्हा धाडणे व्यर्थ होय. प्रथम पत्ता अक्षरशः ताडून पाहावा.

‘पाठविलेले’ या खणात पत्र दिसले म्हणजे ते निघाले, एवढेच. पोच मिळेपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.